बरे होण्याची मजुरी कोण देणार?

‘कर्करोगाचे उपचार आता फुकट होतात, मग तुमची तक्रार कसली?’ असा प्रश्न केवळ सत्ताधाऱ्यांचे पाठीराखेच विचारतात असे नाही. आपल्यातले काही जुने सहकारीही हल्ली तो साळसूदपणे विचारू लागले आहेत. या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार गेल्या दोन महिन्यांत मला अनपेक्षितपणे प्राप्त झाला आहे. सभेत उभे राहून बोलण्याजोगा गळा सध्या उरलेला नाही, म्हणून हे लेखी उत्तर.

प्रथम वस्तुस्थिती. पावसाळ्याच्या तोंडी माझ्या मानेच्या डाव्या अंगाला, जबड्याखाली, सुपारीएवढी गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून सुशिक्षित माणसाला शोभेल अशा बेफिकिरीने मी तिच्याकडे तीन महिने दुर्लक्ष केले. पुढे सुईने तिच्यातल्या पेशी काढून तपासल्या तेव्हा कर्करोग निघाला. परंतु तो मूळचा कुठला हे काही केल्या दिसेना. असे झाले की डॉक्टरांचा संशय टॉन्सिलवर जातो, कारण तिच्या खाचांत बारीकसा रोग सहज दडून राहतो. नांदेडहून मी लातूरला मुलीकडे गेलो आणि तेथील एका रुग्णालयात, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, टॉन्सिल काढून घेतली. संशय खरा ठरला. जखम भरून आली की सात आठवडे किरणोपचार आणि त्याच्या जोडीला सलाईनमधून औषध, असा पुढचा क्रम ठरला.

टॉन्सिल काढणे हे लहान मुलांचे ऑपरेशन, असा आपल्याकडे समज आहे. मूल चार दिवस कुरकुरते आणि पुन्हा अंगणात खेळायला पळते. प्रौढ माणसाचे तसे होत नाही. ही जखम टाके घालून मिटविलेली नसते. ती उघडी राहते आणि तळापासून भरून यावी लागते. पहिले दोन-तीन दिवस त्या मानाने बरे जातात. त्यानंतर दुखणे उतरण्याऐवजी चढू लागते. घोट गिळताना घशातली कळ थेट कानात जाते, कारण दोन्ही ठिकाणची संवेदना वाहून नेणारी एक नस सामाईक आहे. जखमेवर पिवळट पांढरा साका धरतो, तोंडाला दुर्गंधी येते आणि घरच्यांना वाटते की पू झाला. तो पू नसतो, जखम भरत असल्याची ती खूण असते. पण हे सांगायला कोणी तरी जाणते माणूस घरी यावे लागते. पाणी नकोसे होते, आणि पाणी टाळावे तर घसा कोरडा पडून वेदना दुप्पट होते. पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत तो साका सुटत जातो आणि नेमक्या याच दिवसांत एखाद्याच्या घशातून एकाएकी रक्त येऊ लागते. ताजे, लाल रक्त दिसले की वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. पहिले पंधरा दिवस रुग्णालयापासून लांब जाऊ नका, असे बजावतात ते यासाठीच.

हे दिवस मी मुलीच्या घरी काढले. भाताची पेज, वरणावरचे निवळ पाणी, गार दूध, गाळून घेतलेली ज्वारीची कांजी आणि घड्याळ लावून सहा-सहा तासांनी वेदनेची गोळी. बोलणे बंद, नातीची पाटी उशाशी ठेवलेली. पस्तीस वर्षे वर्गात अखंड बडबड केलेल्या माणसाला ‘तिखट लागले’ हे दोन शब्द पाटीवर लिहून दाखवावे लागतात, याची घरात मनमुराद गंमत वाटली. वजन पाच किलोने उतरले. तरीही मी बरा झालो. का बरा झालो, याचा हिशेब मांडणे हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाचे काम आहे.

मी बरा झालो याचे पहिले कारण, मला निवृत्तिवेतन आहे. मी अंथरुणावर असलो काय आणि व्याख्यानाला उभा असलो काय, महिन्याची रक्कम बँकेत जमा होते. दुसरे कारण, मुलीने चौदा दिवस रजा काढली. ती विनाअनुदानित शाळेत शिकवते. तिची रजा बिनपगारी. म्हणजे माझ्या बरे होण्याचा खर्च शासनाने उचलला नाही, विमा कंपनीनेही नाही. तो एका शिक्षिकेच्या पगारातून कापला गेला, आणि त्याची नोंद देशाच्या कोणत्याही हिशेबवहीत होणार नाही. शिवाय रुग्णालय दहा मिनिटांवर होते, घरात फ्रिज होता, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हापासून लातूरच्या आमच्या घरात पाण्याची टाकी रिकामी म्हणून ठेवत नाहीत. घोटाघोटाने दिवसभर पाणी प्यायचे असेल तर मुळात ते घरात असावे लागते, एवढी साधी गोष्ट ऑपरेशनच्या कागदपत्रांत कुठेच नमूद नसते.

आता माझ्या शेजारच्या खाटेकडे वळतो.

त्या खाटेवर कंधार तालुक्यातल्या एका तांड्यावरचा ऊसतोड कामगार होता. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्याचीही मानेची गाठ, त्याचीही टॉन्सिल, ऑपरेशनचा दिवसही एकच. आम्हां दोघांना तिसऱ्या दिवशी घरी सोडले आणि दोघांच्या हाती एकच छापील कागद ठेवला. तो इंग्रजीत होता. खाण्यापिण्यात आइस्क्रीम, कस्टर्ड आणि जेली घ्यावी, असे त्यात सुचविले होते. त्याच्या बायकोने तो कागद माझ्यापुढे धरला : “गुरुजी, काय लिहिलंय यात?” मला वाचून दाखवायला आवाज नव्हता; मी पाटीवर मराठीत लिहिले, तर तिला वाचता येत नव्हते. अखेर माझ्या मुलीने सगळे समजावून सांगितले, जेलीच्या जागी पेज घातली आणि आपला फोन नंबर दिला. रुग्णालयाने करावयाचे काम एका रुग्णाच्या मुलीने व्हरांड्यात उभे राहून केले.

आठव्या दिवशी रात्री त्याला रक्त आले. तांड्यावरून जीपने कंधार, तेथून नांदेड. रक्त थांबले, माणूस वाचला, दोन दिवसांनी परत तांड्यावर गेला. किरणोपचाराआधी चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा तयार करतात. त्या कामासाठी आम्हां दोघांना दिवाळीनंतरची एकच तारीख मिळाली होती. त्या दिवशी मी गेलो, तो आला नाही. मुलीने त्याच्या बायकोला फोन लावला, तेव्हा ती उसाच्या फडातून बोलत होती. मुकादमाकडून नवराबायकोच्या कोयत्याची उचल पावसाळ्यातच घेतलेली. त्यातली निम्मी तपासण्यांत आणि येण्याजाण्यात संपली, उरलेली उधारीत गेली. कोयत्यातला एक हात कमी झाला तर मुकादम अर्धी उचल परत मागणार. ती आणायची कोठून? म्हणून त्यालाही टोळीबरोबर नेले. “तोडायला लावत नाही त्यांना, बसून मोळ्या बांधतात,” असे ती म्हणाली. घास गिळताना अजून थांबावे लागते, असेही म्हणाली.

ज्या योजनेखाली त्याचे ऑपरेशन झाले त्याच योजनेखाली माझेही झाले. तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते; पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले; १ जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली आणि उत्पन्नाची अटही उठली. हे सर्व इष्टच आहे. माझा आक्षेप तिच्या मूळ कल्पनेवर आहे. योजना ‘पॅकेज’ विकत घेते. पॅकेज म्हणजे ऑपरेशन, खाट, औषध आणि घरी सोडल्यानंतरचे थोडेफार. घरी गेलेला माणूस चौदा दिवस काय खाणार, त्याच्या उशाशी कोण बसणार, बसणाऱ्याची मजुरी बुडेल ती कोण देणार, हा विचार त्यात नाही. शासनाच्या लेखी उपचार हे सार्वजनिक कार्य आणि बरे होणे ही ज्याची त्याची घरगुती बाब! ही विभागणी वैद्यकशास्त्राने केलेली नाही, तिजोरीने केली आहे.

आणि ती तिजोरीच्या दृष्टीनेही मूर्खपणाची आहे. ऑपरेशननंतर किरणोपचार साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. एकदा सुरू झाले की आठवड्यातले पाच दिवस, तीस-पस्तीस बैठका, खंड न पडता पार पडाव्या लागतात. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गळ्यातला रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते. याचा अर्थ, बरे होण्याचे दिवस ही उपचारांनंतरची चैन नसून उपचारांतलाच एक दुवा आहे. तो तुटला की आधी केलेला सगळा खर्च पाण्यात. दुष्काळात निम्मे काम करून सोडून दिलेले पाझर तलाव आपण मराठवाड्यात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचाही खर्च सरकारी दप्तरात ‘झालेला’ म्हणूनच नोंदलेला असतो.

येथे आकडेवारीचे भक्त पुढे येतील. आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सांगोत. बुडालेली मजुरी त्या लेख्यांत धरलेलीच नसते. कंधारच्या त्या माणसाची उचल आणि माझ्या मुलीचा कापलेला पगार ३९.४ मध्येही नाही आणि ६४.२ मध्येही नव्हता. केनेथ ॲरो यांचा वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरचा १९६३ सालचा निबंध मी वर्षानुवर्षे शिकवला. आजारपणात उपचाराचा खर्च हा एक धोका, कमाईची ताकद गमावणे हा दुसरा, आणि बरे होणे हे आजारी पडण्याइतकेच अनिश्चित, हे त्यांनी तेव्हाच मांडले होते.  साठ वर्षांत आपल्या नियोजनकारांनी पहिला धोका वाचला, दुसऱ्याचे पान उलटलेच नाही.

हे अज्ञान म्हणावे, तर तसेही नाही. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हे तत्त्व या देशात केव्हाच मान्य केले. त्या विम्याखालील कामगार आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत ८० टक्के दराने ती दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. म्हणजे गिरणीच्या दारात ‘बरे होण्याची मजुरी’ हा हक्क ठरला, आणि त्याच कारखानदारीला ऊस पुरविणाऱ्याच्या फडात तो पोहोचला नाही. साखर कारखान्याचा मालक ‘तो आमचा कामगार नाही, मुकादमाचा आहे’ म्हणतो. मुकादम ‘मी कसला मालक’ म्हणतो. आणि शासन दोघांच्याही म्हणण्यावर विश्वास ठेवते.

‘तंबाखू खातात, मग भोगतील’ असेही ऐकावे लागते, आणि बोलणाऱ्यांत शिकलेसवरलेले अधिक. मी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. टॉन्सिलच्या काही कर्करोगांना एक विषाणू कारणीभूत असतो, ही गोष्ट या नीतिवाद्यांच्या गावीही नसते. पण तो बचाव मी शेजाऱ्याला सोडून एकट्यापुरता वापरणार नाही. तो तंबाखू खात होता, हे खरे. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या माणसाची भूक दुपारपर्यंत दाबून ठेवायला मालकाने दुसरे काय दिले होते? राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या जिल्ह्यांत ती कशी पाळली जाते हे पानटपरीवर उभ्या असलेल्या कोणालाही विचारावे.

आता थोडे आपल्या दोन जिल्ह्यांविषयी. नांदेड आणि लातूर यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. त्यांतील दोघांची नावे आज या दोन शहरांतल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना आहेत. २००९ साली महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचे ठरले, तेव्हा लातूर पेटून उठले. २०१७ साली लातूरची मुंबईची गाडी बिदरपर्यंत नेली, तेव्हाही रस्त्यावर उतरले. नांदेडही असल्या अभिमानात मागे नाही. पण घशाचा रोगी अहमदपूर, लोहा, कंधारहून किरणोपचारासाठी सात आठवडे राहायला जाणार कोठे, यावरून कोणत्या शहरात बंद झाल्याचे मला तरी आठवत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. त्यांत बारा नवजात बालके होती. त्यावर एका खासदाराला सुचले ते एवढेच की अधिष्ठात्याच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावावे! वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, आरोग्य अशी खाती घेऊन प्रादेशिक अनुशेष मोजला, आणि आम्ही तेव्हापासून अनुशेषाचे राजकारण करीत आलो. मीही त्या चर्चासत्रांत निबंध वाचले. इमारती आणि खाटा मोजल्या. खाटेवरून उठलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे मी स्वतःही कधी मोजले नव्हते. तो दोष माझ्याही पदरात घालावा.

यावर ‘एवढे सगळे घरोघर जाऊन करणार कोण’ असे म्हणणाऱ्यांना लातूरहून फार दूर पाठवीत नाही. बार्शीला जावे. तालुक्याच्या त्या गावात १९८२ साली डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोग रुग्णालय उभे केले, आणि १९८७ पासून तेथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. तिचे कार्यकर्ते रुग्ण दारात येण्याची वाट पाहत बसले नाहीत. गावोगाव फिरून त्यांनी माणसे शोधली, बोलते केले, तपासायला आणले. पुढे शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात याच मंडळींच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पाहणी झाली, तिच्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांपर्यंत लोक पोहोचले. रोग शोधण्यासाठी मराठवाड्याचा उंबरठा ओलांडता येत असेल, तर ऑपरेशननंतर पाचव्या आणि आठव्या दिवशी तोच उंबरठा का ओलांडता येऊ नये? आशा कार्यकर्तीला त्या भेटींचा मोबदला द्या, साका आणि रक्त यांतला फरक शिकवा आणि हातात मराठी कागद द्या. याला नवे महाविद्यालय लागत नाही.

पैशाचेही तेच. क्षयरोग्याला आहारासाठी महिन्याला ५०० रुपये द्यावेत हे शासनाने २०१८ साली मान्य केले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० केले. मग गिळता न येणाऱ्या रोग्याचा आहार हा आहार नव्हे काय? संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगी बसतो असे सांगतात; पण त्या योजनेची उत्पन्नमर्यादा कित्येक वर्षे कुटुंबाला वर्षाकाठी २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये अशीच राहिली. सत्तावन्न रुपयांत जगणारे कुटुंब आधी शोधायचे आणि मग त्यात कर्करोगी शोधायचा! ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले. त्यासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरले. त्या पैशातून आजारी कोयत्याची उचल मुकादमाला परस्पर भागविली, तर माझा शेजारी आज फडात नसता. आणि हे दान मागणे नव्हे. १९७५ साली नोकरदारांवर व्यवसाय कर बसला तो रोजगार हमीसाठी. माझ्या पगारपत्रकातून तो निवृत्त होईपर्यंत कापला गेला आणि मी कधी कुरकुर केली नाही. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी घ्यावी हे तत्त्व या राज्याने देशात सर्वांआधी कायद्यात आणले. काम करणाऱ्याला हमी दिली. काम करता न येणाऱ्याला ती का नको?

आपल्या मागणीपत्रांतही कर्करोग आला की ‘अद्यावत रुग्णालय झालेच पाहिजे’ एवढे एक कलम असते. ते हवेच. परंतु रुग्णालयाची कोनशिला बसविण्यात मंत्र्यांना आपल्याहून अधिक रस असतो, हे विसरू नये. किरणोपचाराच्या केंद्राजवळ रुग्ण व सोबत्यासाठी मोफत निवास, उपचारांच्या सबंध काळात दोघांनाही किमान वेतनाइतका भत्ता आणि तो आमदाराच्या शिफारसपत्रावाचून, ही कलमे त्यात घातली पाहिजेत. सोबत्याचा भत्ता मी आग्रहाने मांडतो, कारण वॉर्डात सोबतीला बसलेल्या सगळ्या बायकाच होत्या, आणि त्यांची मजुरी बुडाली असे म्हणण्याइतकेही कोणाला सुचत नाही.

कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर आणि जळकोट तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांना एक काम सुचवितो. यंदा ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांत अर्धवट उपचार टाकून गेलेले रोगी किती, याची तांडानिहाय यादी करावी. त्यासाठी लागणारा तक्ता माझ्या मुलीने तयार केला आहे. कार्यालयाकडे मागितल्यास मिळेल. माझ्या शेजाऱ्याच्या मुकादमाशी बोलणे चालू आहे, निम्म्या उचलीची सोय मित्रांनी केली आहे, आणि त्याच्यासाठी पुन्हा तारीख मिळविण्याची खटपट मुलगी करते आहे. माझे स्वतःचे किरणोपचार येत्या सोमवारी सुरू होतात. त्यासाठी आधी तीन दाढा काढून झाल्या आहेत. पुढचे सात-आठ आठवडे फोनवर बोलता येणार नाही. पत्र पाठवावे, उत्तर देईन.